शांत जमीन शांत नसते!

गलका चाललेल्या वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज गुरुजींना ऐकू येईल काय? भूकंपमापकाची अडचण हीच आहे. भूकंप नसतानाही जमीन अगदी सूक्ष्म प्रमाणात सतत थरथरत असते. मालमोटारी, आगगाड्या, वाऱ्याने डोलणारी झाडे ही तर कारणे आहेतच. पण पाच-सात सेकंदांना एक असा संथ हेलकावा येतो, तो समुद्राच्या लाटांमुळे! किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतही तो नोंदला जातो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी १९३० साली या कंपांचा वादळी हवेशी असलेला संबंध दाखवला होता.

या पार्श्वकंपांत लहान भूकंप बुडून जातात. यंत्र अधिक संवेदनशील घ्यावे, असे तुम्ही म्हणाल. पण ते कुजबुजीबरोबर गलकाही मोठा करील! म्हणून केंद्राच्या जागी आधी दिवसरात्र नोंदी घेतात, जलद व संथ कंप वेगळे करून प्रत्येकाचा जोर मोजतात आणि तो आलेख जॉन पीटरसन यांच्या दोन रेषांशी ताडून पाहतात. जगातील ७५ केंद्रांच्या नोंदींवरून त्यांनी १९९३ मध्ये त्या आखल्या. खालची अतिशांत जागांची, वरची गोंगाटाच्या जागांची. आलेख वरच्या रेषेला टेकू लागला, तर वस्तीपासून दूर, पक्क्या खडकावर दुसरी जागा शोधलेली बरी.

२०२० च्या टाळेबंदीत वर्दळ थांबली आणि शहरांतील केंद्रांचे पार्श्वकंप एकदम घटले. मेक्सिकोतील केरेतारो शहरात तेव्हा सुमारे ३८० किलोमीटर दूरच्या, ५ महत्तेच्या भूकंपाचे तरंग मूळ नोंदीतच ओळखता आले. एरवी दिवसा ते वाहनांच्या कंपांत हरवले असते.