महिलांचे राजकारण नेमके कोठे अडते?

मतदार महिलांना स्वीकारत नाहीत म्हणून त्या निवडून येत नाहीत, हा समज पक्षांच्या बैठकांत 'निवडून येण्याची क्षमता' या निकषाआडून वर्षानुवर्षे वावरत आला आहे. निवडणूक आयोगाची आकडेवारी मात्र त्याला दुजोरा देत नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 8,360 उमेदवारांपैकी महिला अवघ्या 800 होत्या आणि त्यांतील 74, म्हणजे सुमारे 9 टक्के, विजयी झाल्या, तर पुरुष उमेदवारांत हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास राहिले. पुरुषांत अपक्षांची गर्दी मोठी असल्याने यावरून महिला अधिक लोकप्रिय ठरतात असे म्हणणे घाईचे होईल. तरीही गळती मतपेटीपूर्वी, उमेदवारी ठरतानाच होते, एवढे त्यातून दिसते.

राखीव जागेवरील महिला ही केवळ 'सरपंचपतीं'ची सही करणारी असते, हा आक्षेप निराधार नाही, पण अपुरा आहे. पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींच्या अभ्यासात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांना आढळले, की महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, महिलांनीच अधिक मांडलेल्या गरजांवर जास्त खर्च केला.

आरक्षण उठले की महिला घरी बसतात, हा समज तपासण्यास मुंबई महापालिका उपयोगी पडते, कारण तेथे प्रभागांचे आरक्षण दर निवडणुकीला बदलत असे. रिखिल भवनानी यांनी 1997 मध्ये राखीव असलेले आणि 2002 मध्ये खुले झालेले प्रभाग तपासले, तेव्हा पूर्वी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत तेथे महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. महिला जिंकू शकतात हे पक्षांना एकदा अनुभवाने कळले होते, हे त्याचे एक कारण मानले जाते. खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे, ही साधी कायदेशीर बाब मात्र तिकीटवाटपात आजही सोयीस्कररीत्या विसरली जाते.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये 2011 पासून महिलांसाठी 50 टक्के जागा राखीव असताना, 2024 मध्ये विधानसभेच्या 288 जागांवर केवळ 21 महिला निवडून आल्या. दोन्हीकडे मतदार तेच आहेत. फरक असा, की एका ठिकाणी उमेदवारी देणे कायद्याने बंधनकारक आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती पक्षनेतृत्वाच्या मर्जीवर सोपवलेली होती. लोकसभा व विधानसभांसाठी एक तृतीयांश आरक्षण देणारी 106 वी घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली खरी, पण तिची अंमलबजावणी त्यानंतरच्या जनगणनेवर आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर अवलंबून ठेवण्यात आली.