गव्याचा माग

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरला गवा बघायला आलेला माणूस झाडीत डोळे लावून चालतो. त्याच्या पुढे चालणारे वनमजूर मामा मात्र खाली बघत असतात. सावराई सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, वाटेवर ते थांबले, काटकी उचलली आणि शेणाचा पो उकलला. वरची पापडी वाळलेली, आत हिरवट ओल, कडेला शेणकिड्यांनी नुकती पाडलेली भोकं. "पहाटंचा हाय सर. ऊन लागायच्या आधी गेल्यात." मग चार पावलं पुढे जाऊन ते ओल्या मातीपाशी उकिडवे बसले.

मातीत खुरांची गर्दी होती. एवढ्या धिप्पाड जनावराचा खूर त्याच्या मानाने लहान आणि बांधेसूद असतो. म्हशीचा खूर फाकलेला आणि पसरट, सांबराचा अरुंद आणि टोकदार. गव्याचा पुढचा खूर मागच्यापेक्षा मोठा. मामांनी आधी सगळ्यात मोठे ठसे बोटाने दाखवले, मग त्यांना लगटून चाललेले छोटे. म्हणजे माद्या आणि वासरं. कळपाची वाट बहुधा वयस्क मादी ठरवते आणि पूर्ण वाढलेला नर माजाचा काळ सोडला तर बराच वेळ एकटा हिंडतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. इथे ते चिखलात दिसत होतं, कारण पल्याडच्या बांधावर एकट्या नराने शिंगांनी माती उकरून ठेवली होती.

शेणाकडे परत येऊ, कारण खरी माहिती तिथे आहे. गवा रवंथ करणारा. चार कप्प्यांच्या पोटातून गेलेला गवत-पाला इतका बारीक होतो की चोथ्यात काडी ओळखू येत नाही. आपल्याच जिल्ह्यात आजरा-चंदगडकडे फिरणाऱ्या हत्तीच्या लिदेत काड्या जशाच्या तशा सापडतात. आणि चीनमधल्या पांडाच्या विष्ठेत तर बांबूचे तुकडे जवळजवळ अखंड असतात. पांडा अस्वलाच्या कुळातला, आतडं मांसाहाऱ्याचं, पण जेवण जवळपास सगळं बांबूचं. खाल्लेल्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा त्याच्या अंगी लागतो. म्हणून दिवसाला बारा किलोपासून अडतीस किलोपर्यंत बांबू चावत बसावं लागतं. हीच उणीव त्याच्या मोजणीत कामाला आली. प्रत्येक पांडाच्या चाव्याची लांबी थोडी वेगळी असते. चीनच्या वनकर्मचाऱ्यांनी विष्ठेतले तुकडे मोजून एक पांडा दुसऱ्यापासून वेगळा ओळखला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत जंगलातले १,८६४ पांडा मोजले गेले, त्यामागे असं काट्याकुट्यातलं काम आहे.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजतात. चांदण्यात गवा पाण्याला येतो, गुडघ्याखालचे पांढरे पाय आधी उजळतात, मग काळं धूड. ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. लोकांना जंगलाची ओढ लावायला ही रात्र फार चांगली. पण तिच्यावर संख्या ठरवू नये. एकच कळप दोन पाणवठ्यांवर जातो, तर एखादा पाण्यावर येतच नाही. बातमी त्या एका रात्रीची होते. गवा खरा कळतो तो वर्षभर बीटाबीटातून चालत ठसे, शेण, खाल्लेला पाला वहीत उतरवणाऱ्यांमुळे, आणि त्यांचं कौतुक कुणी करत नाही याची मला मनापासून खंत आहे.

कोल्हापूर संस्थानच्या या शिकारीच्या रानात १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य झालं. ते महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये हद्द वाढून आजचं ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य बनलं. शिकार थांबली आणि गव्याला हक्काची जागा मिळाली. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत गवा आणि पांडा एकाच, 'असुरक्षित' वर्गात आहेत. पांडा २०१६ मध्ये 'संकटग्रस्त'मधून एक पायरी सावरला. जगभर त्याच्या गोंडस चेहऱ्याचं कौतुक झालं, पण त्याला सावरलं ते बांबूच्या रानाने. सत्तरच्या दशकात बांबू एकदम फुलून वाळला आणि पांडा उपाशी मेले. त्यातून धडा मिळाला की एका डोंगरावरचा बांबू गेला तर दुसऱ्या डोंगरावर जायला वाट हवी. २०२१ मध्ये चीनने तीन प्रांतांतली रानं जोडून सुमारे बावीस हजार चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान केलं.

आपल्या गव्याचीही गोष्ट चाऱ्याची आणि वाटेची आहे. सड्यावरची माती पातळ, पावसाळ्यात गवत तरारतं आणि उन्हाळ्याआधीच करपतं. त्यात वणवे लागतात आणि मोकळी जागा रानमोडीचं तण बळकावतं. मामांनी त्याची एक फांदी मोडून नाकाशी धरली. "ह्ये गवा खात न्हाई, आन् खाली गवातबी उगवू देत न्हाई." रानात चारा नाही आणि डोंगराच्या पायथ्याशी हिरवा ऊस, मग जनावर कुठे जाणार? शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण कायमचा उपाय रानात आहे: रानमोडी काढणं, कुरणं राखणं, गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचणं, कारण तो रोग गव्यालाही लागतो. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा ही संवर्धन राखीव क्षेत्रं २०२० मध्ये मंजूर झाली. राधानगरी ते चांदोलीचं जंगल ही वाट त्यांनीच जोडलेली राहील, म्हणून ती कागदावर राहता कामा नयेत.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागाने धावून धावून मेला. पुढच्याच डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराच्या वेशीवर आले आणि जवळच्या गावात एका तरुणाचा जीव गेला. टनभर वजनाचं जनावर घेरलं गेलं की शिट्टीसारखा फुत्कार टाकतं आणि समोरची वाट धरतं. त्या वाटेवर कोण उभं आहे ते बघत नाही. तुमच्या उसाच्या फडाशी गवा दिसला तर मोबाइल वर करून पुढे जाऊ नका, आरडाओरडा करू नका, कुत्री सोडू नका. त्याला परतीची बाजू मोकळी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.