तीन विजयांचा विजेता

2017 च्या अमेरिकी सुपरक्रॉस मोसमात ईलाय टोमॅकने 9 शर्यती जिंकल्या आणि रायन डन्जीने 3. विजेतेपद मात्र डन्जीकडे गेलं, अवघ्या 5 गुणांच्या फरकाने. मोटोक्रॉस कधी न पाहिलेल्या माणसाला हा सरळसरळ अन्याय वाटेल. पाहणाऱ्यांमध्येही हा वाद जुना आहे. जो सगळ्यांत वेगवान तो मोठा, की जो मोसमभर पुरून उरतो तो? माझ्या मते डन्जी जिंकला ते योग्यच झालं. पण तो जपून चालवून जिंकला, असं जे म्हटलं जातं, ते साफ चुकीचं आहे.

आधी खेळ समजून घेऊ. मोटोक्रॉसचा ट्रॅक मातीचा. चढ, उतार, उड्या आणि चाकोऱ्यांनी उकरलेली वळणं. जागतिक स्पर्धेत 40 रायडर एका रांगेत गेटमागे उभे राहतात आणि गेट पडलं की सगळे एकाच वळणाकडे सुटतात. अर्धा तास आणि वर दोन लॅप, याला म्हणतात एक मोटो. अशा दोन मोटोंच्या गुणांची बेरीज करून निकाल लागतो. सुपरक्रॉस हे याचंच स्टेडियममधलं रूप. मैदानात ट्रकांनी माती आणून ट्रॅक रचतात आणि अंतिम फेरीत 22 रायडर 20 मिनिटं अधिक एक लॅप धावतात. आपल्याकडे 28 जानेवारी 2024 रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती याच प्रकारची.

गुणांचं गणित

डन्जी आणि टोमॅकच्या त्या मोसमात पहिल्याला 25 गुण होते, दुसऱ्याला 22, तिसऱ्याला 20, चौथ्याला 18 आणि आठव्याला 13. आता तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात असं समजा. पुढच्याला गाठलंत तर फायदा 3 गुणांचा. गाठताना पडलात आणि बाईक तिथेच थांबली तर तोटा 22 गुणांचा. असा डाव आठ वेळा टाकला आणि सात वेळा साधला, तर 21 गुण कमावले. आठव्यांदा पडलात की 22 गेले. म्हणजे सात विजयांचा आनंद एका पडण्याने धुऊन निघतो, शिवाय एक गुण अंगावर येतो. हाड मोडलं तर पुढच्या फेऱ्याही गेल्या, ते वेगळंच.

2017 मध्ये असंच काहीसं घडलं. शेवटून दुसऱ्या फेरीला, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला, टोमॅक 3 गुणांनी पुढे होता. तिथे तो पडला आणि सावरून आठवा आला. डन्जीने ती शर्यत जिंकली. 12 गुणांची उलथापालथ झाली आणि 3 गुणांनी मागे असलेला डन्जी 9 गुणांनी पुढे गेला. लास व्हेगासच्या शेवटच्या फेरीत टोमॅक दुसरा आला आणि डन्जी चौथा. 9 मधून 4 गेले, 5 उरले. पुढच्या वर्षीही टोमॅकने 8 शर्यती जिंकल्या आणि तो एकूणात तिसरा राहिला. 4 शर्यती जिंकणारा जेसन अँडरसन विजेता ठरला.

याहून मोठा दाखला जेम्स स्टुअर्टचा. उडीच्या चढावर बाईक आडवी करत हवेत खालूनच जायचं तंत्र त्याने रुजवलं. आज जगभरचे रायडर ते वापरतात आणि त्याला स्टुअर्टच्याच टोपणनावावरून ‘बबा स्क्रब’ म्हणतात. सुपरक्रॉसच्या मुख्य गटात त्याचे 50 विजय आणि विजेतेपदं 2. डन्जीचे 34 विजय आणि विजेतेपदं 4. डन्जी 2015 आणि 2016 मिळून सलग 31 शर्यतींत पहिल्या तिघांत होता.

भित्र्याचा हा खेळ नाही

डन्जीचं यश म्हणजे ससा-कासवाची गोष्ट असा समज करून घेऊ नये. 34 शर्यती जिंकणारा माणूस कासव नसतो. मुळात या ट्रॅकवर सावकाश चालवून सुरक्षित राहताच येत नाही. ‘व्हूप्स’ घ्या. कमरेएवढ्या उंचीच्या मातीच्या वरवंड्यांची एक रांग. रायडर उभा राहतो, वजन मागे टाकतो, गुडघ्यांत टाकी घट्ट धरतो आणि थ्रॉटल उघडा ठेवून नुसत्या माथ्यांवरून बाईक काढतो. मध्येच घाबरून थ्रॉटल सोडला की पुढचं चाक दोन वरवंड्यांच्या खाचेत बसतं आणि रायडर हँडलवरून पुढे फेकला जातो. ट्रिपलचंही तसंच. तिन्ही उंचवटे एका उडीत पार करायचे असतात. जोर कमी पडला की शंभर किलोंहून जड बाईक तिसऱ्या उंचवट्याच्या कडेवर आदळते आणि तो दणका मनगटात आणि पाठीच्या कण्यात जातो. इथे अर्धवट धाडस पुऱ्या धाडसापेक्षा घातक ठरतं.

मग सातत्य कशाला म्हणायचं? धोका कुठे घ्यायचा, ते आधी ठरवून ठेवण्याला. चांगला रायडर गेट पडताना आणि पहिल्या वळणावर जीव ओततो, कारण तिथे पुढे निघालं की समोरच्याची उडणारी माती खावी लागत नाही आणि अरुंद ट्रॅकवर ओलांडायला माणसंही कमी उरतात. दुसरा धोका तो सरावात घेतो, त्याच उडीची तयारी शेकडो वेळा करून. शर्यतीच्या शेवटच्या लॅपला दुसऱ्या क्रमांकावर असताना, आत शिरायला फट नसलेल्या वळणावर मात्र तो बाईक घुसवत नाही.

हे शिकता येतं, याचा पुरावा टोमॅकनेच दिला. 2020 च्या शेवटच्या फेरीत त्याला फक्त गुण राखायचे होते. तो पाचवा आला आणि पहिल्यांदा मुख्य गटाचा विजेता झाला. अर्थात सातत्य म्हणजे विमा नव्हे. 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद हाताशी असताना तोच टोमॅक न पडता, नुसत्या उडीनंतर जमिनीवर येताना टाचेचा स्नायुबंध तुटून बाहेर पडला. नशिबावर कुणाचा ताबा नाही. म्हणून तर जे आपल्या हातात आहे ते उधळू नये.

नेदरलँड्सचा जेफ्री हर्लिंग्ज 2014 मध्ये नेमका तिथे फसला. जागतिक स्पर्धेच्या एमएक्स 2 गटात शंभराहून जास्त गुणांची आघाडी असताना तो एका धर्मादाय शर्यतीत उतरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. त्या शर्यतीचे गुण कुठेच धरले जाणार नव्हते. फ्रान्सचा जॉर्डी तिक्सिये एकेक फेरी पुरी करत आला आणि मेक्सिकोतल्या शेवटच्या फेरीत 4 गुणांनी जगज्जेता झाला. हाच तिक्सिये 2024 मध्ये भारतीय लीगच्या पहिल्या मोसमात आपल्याकडे धावला.

आपल्या मातीत

भारतात हा खेळ नवा नाही. पुण्याने ऋग्वेद बारगुजे, युवराज कोंडे देशमुख यांच्यासारखे रायडर दिले. लीगमध्ये कोल्हापूरचा मोहितेज रेसिंग संघ उतरला. लीगचा पहिला मोसम होता पुणे, अहमदाबाद आणि बेंगळुरू अशा तीनच फेऱ्यांचा. संघाच्या खात्यात सगळ्या गटांतल्या रायडरांचे गुण जमा होतात. इतक्या लहान मोसमात एकाचं पडणं भरून काढायला वेळच नसतो. बाजी मारली ती सी. एस. संतोष यांच्या बिगरॉक मोटरस्पोर्ट्सने. 2021 च्या डकार रॅलीत डोक्याला गंभीर दुखापत होऊन मरणाच्या दारातून परतलेला हा माणूस. धोक्याची किंमत त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि राष्ट्रीय सुपरक्रॉसमधून पुढे आलेला केरळचा हरिथ नोआ 2024 च्या डकारमध्ये एकूण अकरावा आला आणि रॅली 2 गटात पहिला. सौदीच्या वाळवंटात दोन आठवडे बाईक आणि स्वतःला धड ठेवणं, हीच त्या स्पर्धेतली खरी कमाई.

आम्हा वरठीकरांना हे कळायला जड जाऊ नये. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर उतरलं की सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना दिसतो. तिथलं मिश्र पोलाद वाहनांच्या सुट्या भागांसाठी जातं. अशा पोलादाची परीक्षा एका जबर घावावर संपत नाही. लहान लहान ताण लाखो वेळा सोसून ते टिकतं का, आणि प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या वितळीचा, माल आधीच्या हीटसारखाच निघतो का, यावर गिऱ्हाईक ठरतं. एखादी हीट फार उत्तम आणि पुढची भेगाळलेली, असा माल कुणी घेत नाही. रायडरही याच कसोटीवर उतरतो.

म्हणून गावोगावी डर्ट रेस भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. एकच फेरी, एकच बक्षीस आणि बाकीचे रिकाम्या हाताने घरी, ही पद्धत सोडा. ती पोरांना जुगार शिकवते. जागतिक स्पर्धेसारख्या दोन मोटो घ्या, गुणांची बेरीज करा आणि बक्षिसं पहिल्या पाचांत वाटा. मैदानावर रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय गेट पाडू नका. हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे ब्रेस आणि बूट नसलेल्या मुलाला, तो कितीही चांगला चालवत असला तरी, रांगेत उभं करू नका. आणि ज्या पोरांच्या हातात बाईक आहे त्यांनी रस्ता सोडून ट्रॅक धरावा. रस्त्यावर केलेल्या धाडसाचे गुण कुठल्याही तक्त्यात मांडले जात नाहीत. ट्रॅकवर जरूर धाडस करा, पण शर्यत पुरी करा. गुण पुरी करणाऱ्यालाच मिळतात.