पिकअप घेताना हौद्याआधी आसने मोजा

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन पोहोचवायचे आणि त्याच वाहनाने कुटुंबासह नांदेड गाठायचे, अशी दुहेरी गरज असणाऱ्यांनी पिकअप निवडताना प्रथम आसने मोजावीत. मालवाहू वाहनाच्या हौद्यात प्रवासी बसविणे नियमबाह्य असून, अपघात झाल्यास विम्याची भरपाईही अडचणीत येते. साध्या बोलेरो पिकअपचा हौदा मोठा, मात्र आसने मोजकीच. दुहेरी केबिनच्या बोलेरो कॅम्परमध्ये पाच जण बसतात, पण माल कमी मावतो. टोयोटा हायलक्स आरामदायी असली तरी तिची लांबी सव्वापाच मीटरहून अधिक असल्याने अरुंद पेठेत ती वळविणे कठीण. व्यावसायिक नोंदणी केल्यास योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा खर्चही हिशेबात धरावा. परवान्याची चिंता मात्र नको. ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाच्या मालवाहू वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.