सपाट तळवे, लवचिक सांधे : आधी वय विचारा

मुळशी तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत तीन वर्षांच्या मुलांना ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर उभं केलं, तर अनेक ठशांत तळव्याची आतली कमान दिसणार नाही. अख्खा तळवा उमटेल. मग पालकांना धास्ती वाटते. गावाकडे विचारतात, ‘पुढं भरतीत बाद होईल का?’ आणि हिंजवडीच्या सोसायटीत विचारतात, ‘खास बूट घ्यायचे का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण संशोधक म्हणून आपण पहिला प्रश्न विचारायचा तो वयाचा.

लहान मुलाच्या तळव्याखाली चरबीचा जाड थर असतो आणि हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट्स, सैल असतात. उभं राहिलं की कमान दबते. वय वाढतं तसे अस्थिबंध घट्ट होतात आणि कमान दिसू लागते. ऑस्ट्रियात ३ ते ६ वर्षांच्या ८३५ मुलांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तिसऱ्या वर्षी ५४ टक्के मुलांचे तळवे सपाट होते, सहाव्या वर्षी २४ टक्के. खरा आजार असलेली मुलं एक टक्क्याहूनही कमी.

म्हणजे सपाट तळवा आणि सैल सांधे या दोन्हींच्या मागे वय उभं आहे. वय न धरता या दोन्हींचा संबंध काढला, तर तो बऱ्याच अंशी वयाचाच संबंध निघेल. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो.

सांध्यांची लवचिकता मोजायला बायटन स्कोअर वापरतात. करंगळी ९० अंशांपलीकडे मागे जाते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलट्या दिशेने १० अंशांपेक्षा जास्त वाकतो का, यांना प्रत्येक बाजूचा एक गुण. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकले तर आणखी एक. एकूण ९. मोठ्यांसाठी ठरवलेली मर्यादा चिमुरड्यांना लावली, तर निम्मा वर्ग ‘अतिलवचिक’ ठरू शकतो. म्हणून मुलांसाठी बरेच अभ्यासक ६ गुणांची मर्यादा धरतात.

आता आपल्याकडचा महत्त्वाचा अभ्यास बघा. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांचे पायाचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूटवाल्यांत सर्वांत जास्त, सँडल-चपलवाल्यांत त्याहून कमी. आणि हा फरक सर्वांत ठळक होता तो सैल अस्थिबंध असलेल्या मुलांमध्ये. इथे लवचिकता नुसती मध्ये येत नाही, ती बुटांच्या परिणामाचं प्रमाणच बदलते. याला इफेक्ट मॉडिफिकेशन म्हणतात. कन्फाउंडिंग आपल्याला काढून टाकायचं असतं. हे मात्र दाखवायचं असतं, वेगळा तक्ता करून.

मग ऑस्ट्रियात ४४ टक्के आणि इथे ८.६ टक्के, असं का? वयोगट वेगळे, आणि मोजमापही वेगळं: तिथे टाचेचा कोन मोजला, इथे ठसा. असे आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘भारतीय मुलांचे पाय चांगले’ असं लिहू नका.

समजा, हा अभ्यास मुळशीत करायचा आहे. हिंजवडीची मुलं विरुद्ध ताम्हिणीची मुलं, अशी तुलना करायचा मोह होईल. पण या दोन ठिकाणी बूटच काय, वजन, खाणं, खेळ आणि पायाखालची जमीन, सगळंच वेगळं. त्यापेक्षा प्रत्येक गावात बूटवाली आणि अनवाणी, अशी दोन्ही मुलं घ्या. वय महिन्यांत नोंदवा. वजन-उंची घ्या. बूट कितव्या वर्षी सुरू झाले ते विचारा. आणखी एक : पाय सपाट दिसला म्हणूनच पालकांनी बंद बूट आणले असतील, तर आधी काय आणि नंतर काय? एकदाच केलेल्या पाहणीत याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी तीच मुलं काही वर्षं पुन्हा पुन्हा तपासावी लागतात.

हे सगळं कशासाठी? कारण आपण लावलेलं लेबल घरी जातं, आणि मग पैसे खर्च होतात. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवचिक सपाट तळव्याच्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटलं. किमान तीन वर्षं खास बूट किंवा इन्सर्ट वापरणारी मुलं सुधारली, आणि काहीच न वापरणारीही तेवढीच सुधारली.

म्हणून नोंदवहीत एक रकाना नक्की ठेवा : मूल चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसते का? दिसत असेल आणि दुखत नसेल, तर पालकांना निर्धास्त करा. भरतीच्या वैद्यकीय निकषांतही हेच बघतात. पाय ताठ असेल, दुखत असेल किंवा एकच पाय सपाट असेल, तर मात्र आकडेवारीसाठी थांबू नका, त्या मुलाला त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी द्या.