माद्रिदच्या आळींतील खाणावळ
माद्रिद शहरांतील मोठमोठ्या उपाहारगृहांचीं वर्णनें प्रवासवृत्तांतून पुष्कळ येतात. परंतु तेथील सामान्य मनुष्य दुपारीं जेथें जेवतो, ती आळींतील लहान खाणावळ त्यांत क्वचितच सांपडते. स्पॅनिश भाषेंत तिला 'कासा दे कोमिदास' म्हणतात. म्हणजे जेवणाचें घर. आठदहा मेजें, त्यांवर कागदी आच्छादन, दाराशीं खडूनें लिहिलेली फळी, मालक वाढीत आहे व मालकीण चुलीपाशीं आहे, असा थाट पाहिला म्हणजे हें नांव यथार्थ वाटतें.

फळीवर 'मेनू देल दिआ', म्हणजे त्या दिवसाचें जेवण, लिहिलेलें असतें. दोन पदार्थ, पाव, पेय व शेवटीं फळ किंवा कांहीं गोड, या सर्वांची मिळून एकच किंमत. फ्रँकोच्या राजवटींत 1964-65 च्या सुमारास ही पद्धत सरकारी हुकमानें रूढ झाली. हेतु परदेशी प्रवाशांच्या सोयीचा होता. लाभ झाला तो कारकुनांचा आणि गवंड्यांचा. आजहि पुष्कळ ठिकाणीं 12 ते 15 युरोंत पोट भरतें. वेळ मात्र आपल्या मंडळींस जड जाईल. दुपारचीं पानें दोनच्या सुमारास, रात्रींचीं नवाच्या पुढें! 1940 सालीं तेथील सरकारनें घड्याळ एक तास पुढें नेलें, तें कायमचेंच. सूर्याकडे पाहिलें तर हे लोक वाटतात तितके उशिरां जेवीत नाहींत.

आठवड्यांतील एका ठरलेल्या वारीं बहुधा 'कोसिदो' असतो. रात्रभर भिजविलेले काबुली चणे मांस, हाडें, कोबी, गाजर व बटाटे यांसह मंद आंचेवर कित्येक तास शिजवितात आणि तीन खेपांनीं वाढतात: प्रथम शेवया घातलेलें सार, मग चणे व भाज्या, शेवटीं मांस. (बटाट्यास ते 'पताता' म्हणतात, आपला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, म्हणून हें साम्य.) मांस वगळून पहिल्या दोन खेपा घ्याव्या, असें सुचविणारे भेटतात. सर्व कांहीं एकाच भांड्यांत शिजलेलें असतें, हें शाकाहारी वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

नुसतें 'मांस नको' म्हणूनहि भागत नाहीं. भाजींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात, कोशिंबिरींत मासा येतो, आणि वाढणारास त्यांत विसंगति वाटत नाहीं. एकेक वस्तु नांवानिशी नाकारावी लागते. आम्हीं तसें केलें, तेव्हां मालकीण हात पुशीत बाहेर आली. अंडें चालेल का, तेल कोणतें चालेल, अशी तिनें आस्थेनें चौकशी केली व टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची यांची ऑलिव्हच्या तेलांत शिजविलेली 'पिस्तो' नांवाची भाजी आणून ठेवली. फळीवर ती नव्हती.

जेवण आटोपल्यावर कोणी उठत नाहीं. कॉफी घेत गप्पा मारीत बसण्यास 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्दच आहे. आपल्याकडे सुपारी कातरतां कातरतां जें चालतें, तेंच हें. मेज रिकामें करा, असें म्हणणें तेथें असभ्यपणाचें ठरतें.

अशीं घरें आतां कमी होत आहेत. भाडें वाढलें आहे. मालक थकले, तरी मुलें या कष्टाच्या धंद्यांत येत नाहींत. कित्येक ठिकाणीं चिनी कुटुंबांनीं दुकान चालविण्यास घेतलें असून बटाट्याची जाड 'तॉर्तिया' आतां तींच उलटवितात. जुन्या गिऱ्हाइकांनीं प्रथम नाक मुरडलें असेल; आम्हांस तरी यांत खेद करण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं. चूल पेटती आहे, आणि दोनच्या ठोक्याला मेजें भरतात.