लघवीतून रक्त, पण दुखत नाही? अंगावर काढू नका

लघवी लाल झाली की गावाकडे 'उन्हाळी लागली' म्हणतात, धने-जिऱ्याचं पाणी पितात. दोन दिवसांत लघवी साफ होते अन् माणूस परत रानात जातो. धोका इथंच आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा हेच असतं: काही न दुखता रक्त जाणं. ते थांबतं, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत दिसतं. रक्त थांबलं म्हणजे आजार गेला, असं नाही.

वारंवार घाईची लघवी लागणं, जळजळ हीही लक्षणं आहेत. मुतखडा, इन्फेक्शनमध्येही असंच होतं, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. पन्नाशीपुढच्यांनी अन् बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी जास्त जपावं. धुरातली विषारी द्रव्यं रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात साठून राहतात. बायकांनीही पाळीचं रक्त समजून सोडून देऊ नये.

लघवी तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने मूत्राशय पाहतात. लवकर सापडला तर पोटावर चिरा न देता लघवीच्या वाटेने गाठ काढता येते. म्हणून रक्त एकदाच दिसलं तरी ग्रामीण रुग्णालय गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा.